बेरीज यंत्राची, प्रश्न कोणाचा?

१/ संगणकीय अहवालांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पूर्वी वर्षे लागत, आता क्षण पुरतो. हे खरे, पण अपुरे आहे. या प्रवासातील मोठा बदल एका अधिकारात झाला. नोंदींना प्रश्न विचारायचा, तो कोणी?

२/ अमेरिकेतील १८८० च्या जनगणनेची मोजदाद ७ वर्षांहून अधिक काळ चालली. १८९० साली हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्राने ते काम पुष्कळ लवकर उरकले. माणशी एक कार्ड. त्यावरील छिद्रातून सुई पाऱ्यात उतरे, विद्युतमंडल पूर्ण होई आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. मात्र कार्डावर कोणत्या बाबीला जागा द्यायची, हे आधीच ठरलेले असे. जिला छिद्र नाही, तिची गणना नाही.

३/ पुढे गोषवारे छापणारी यंत्रे आली. अहवाल बदलायचा तर फळीवरील तारांची जोडणी बदलावी लागे. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ या संगणकासाठी ‘रिपोर्ट प्रोग्राम जनरेटर’ आणले. तारांऐवजी आता छापील नमुने भरायचे. आतील चक्र मात्र जुन्याच यंत्राचे: नोंद वाचा, गट बदलला की बेरीज छापा. यंत्र गेले, त्याची सवय उरली.

४/ १९७० मध्ये एडगर कॉड यांनी सुचवले की, नोंद कोठे व कशी साठवली आहे हे ठाऊक नसतानाही ती मागता यावी. त्या विचारावर १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी रचलेली भाषा म्हणजे आजच्या एसक्यूएलचे पूर्वरूप. प्रोग्रामर नसलेल्यांनाही ती वापरता यावी, असा हेतू होता.

५/ १९९३ मध्ये ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’ व्हिज्युअल बेसिकसोबत घरोघरच्या प्रोग्रामरांपर्यंत पोहोचले. शीर्षक, तपशील, तळाशी बेरीज असे पट्टे पडद्यावर माउसने मांडता येऊ लागले. २००३ मध्ये स्टॅनफर्डमधील संशोधनातून ‘टॅब्लो’ जन्मले आणि उत्तर आलेखाच्या रूपात समोर येऊ लागले.

६/ अधिकार असा पसरत गेला, हे स्वागतार्हच. परंतु जबाबदारी त्याच गतीने पसरली नाही. मागणी वर्षअखेरीस नोंदवली, पैसे पुढच्या वर्षी आले. मग ती विक्री कोणत्या वर्षाची? एक विभाग एक उत्तर धरतो, दुसरा दुसरे. दोन्ही अहवाल सुबक, दोन्ही बेरजा अचूक, आकडे मात्र वेगळे.

७/ हॉलरिथ यांच्या काळी निवड कार्डावर उघड दिसत होती. आज ती रंगीत आलेखामागे दडते. म्हणून अहवाल हातात येताच बेरीज तपासण्याआधी एक गोष्ट तपासावी: यात कशाला छिद्र पाडले आहे, आणि कशाला नाही? इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक साधनाला विचारायचा प्रश्नही हाच असतो.