पंचवीस वर्षांची मराठी पुसली जात आहे

‘केसरी’चा १८८१ सालचा अंक कुणाला पाहायचा असेल तर तो आजही पाहता येतो. कागद पिवळा पडला असेल, कडा तुटल्या असतील, पण मजकूर लागतो. एखाद्या मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावरचे २००२ सालचे पान मात्र बहुतेक वेळा सापडतच नाही. अमेरिकेतल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेने त्याची प्रत जपली असली, तरी ती उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गाळ दिसतो. टिळक-आगरकरांच्या काळातली मराठी हाताशी आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत लिहिली गेलेली मराठी हातून निसटते आहे. याची चिंता ना मंत्रालयात दिसते, ना साहित्य संमेलनाच्या मांडवात.

हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. जगभरच्या लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या सामायिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मध्येच जागा मिळाली होती, पण संगणक आणि छपाईची यंत्रणा तिथवर पोहोचायला पुढची दहा-पंधरा वर्षे गेली. दरम्यान आपण मराठी लिहिली ती खासगी फॉन्टांच्या आधाराने. रोमन अक्षराच्या घरात अर्धा क, दुसऱ्या घरात काना, तिसऱ्यात रफार अशी ती मांडणी होती, आणि प्रत्येक कंपनीची वेगळी. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. वाचकाला मराठी दिसावी म्हणून संकेतस्थळाकडून फॉन्टची फाइल आपोआप उतरवली जाई आणि ती सोय बहुतांशी इंटरनेट एक्स्प्लोररपुरती होती. तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. फॉन्टच्या फाइली तर त्याआधीच सर्व्हरवरून गेल्या होत्या. मजकूर उरला, त्याची किल्ली हरवली. दंगली, निवडणुका, गिरणगावाचा अखेरचा काळ, त्या वर्षांतले अग्रलेख आणि वाचकांची पत्रे, यांतले जे केवळ संकेतस्थळावर होते ते कोणत्याही शोधयंत्राला आज सापडू शकत नाही.

आणि हा प्रकार भूतकाळात जमा झालेला नाही. आजही कित्येक मराठी पुस्तकांची आणि नियतकालिकांची अक्षरजुळणी त्याच जुन्या फॉन्टांत होते. त्यांच्या पीडीएफमधून एक ओळ उचलून दुसरीकडे चिकटवून पाहावी. हाती काय लागते, ते डीटीपी करणाऱ्या कुणालाही विचारावे.

‘गूगलवर सगळे असते,’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. ते खरे नाही. गूगलच्याच मालकीच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी तरुणांच्या एका पिढीने गावांवर, गडांवर, कवितांवर, नाटकांवर लिहिले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. तिथल्या सार्वजनिक समूहांचा संग्रह काही काळ ठेवला गेला आणि २०१७ मध्ये तोही काढून टाकण्यात आला. वैयक्तिक पानांचे जिओसिटीज २००९ मध्ये गेले, चर्चागटांचे याहू ग्रुप्स २०२० मध्ये. अमेरिकेत आणि आखातात स्थायिक झालेल्या मराठी माणसांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी जे पहिले आंतरजालीय मराठी लेखन केले, त्यातले बरेचसे अशाच ठिकाणी होते. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झालेली होती, असे अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये नोंदवले आहे. तो हिशेब प्रामुख्याने धनाढ्य भाषेच्या पानांचा आहे. मराठीचा हिशेब कुणी मांडलेलाच नाही.

गूगलने स्वतः साठवलेल्या पानांच्या प्रती दाखवणे २०२४ च्या आरंभी बंद केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या प्रतींसाठी वाचकांना इंटरनेट आर्काइव्हकडे पाठवायला सुरुवात केली. जगातली एक अतिश्रीमंत कंपनी ज्या कामातून अंग काढते, ते काम सॅन फ्रान्सिस्कोतली देणग्यांवर चालणारी एक संस्था करते. पुढच्याच महिन्यात त्या संस्थेवर सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती चोरीला गेली आणि जुनी पाने दाखवणारी तिची सेवा काही दिवस ठप्प होती. त्याआधी सप्टेंबरमध्ये चार मोठ्या प्रकाशकांच्या दाव्यात तिचा पराभव अपिलातही कायम झाला आणि त्या दाव्यापायी पाच लाखांहून अधिक पुस्तके तिला वाचकांसाठी बंद करावी लागली. आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांची चोरी रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयातून मिळवलेल्या आदेशात हजारो संकेतस्थळांबरोबर हा संग्रहही अडवला गेला होता. एवढ्या नाजूक धाग्यावर आपण आपली स्मृती टांगून ठेवली आहे.

ती किती टांगली आहे, हे मराठीच्या संशोधकांना विचारावे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा प्रकल्प भारतात, सरकारी पैशाने उभा राहिला. त्यात जुन्या मराठी ग्रंथांच्या हजारो पानांचे स्कॅन झाले. मूळ संकेतस्थळ बंद पडले, आणि आज पीएच.डी. करणारा विद्यार्थी तीच पुस्तके त्या अमेरिकी संग्रहातून उतरवून घेतो, कारण तिथे कुणीतरी वेळीच प्रती करून ठेवल्या होत्या. त्या प्रती करणाऱ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ज्या राष्ट्राने स्कॅन केले त्याला ते सांभाळता आले नाहीत, ही बाब गंभीर आहे.

दुसरा रोजचा समज म्हणजे ‘क्रोम म्हणजेच इंटरनेट’. आज एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे ब्राउझर क्रोमच्याच इंजिनावर धावतात. ॲपलचे एक वेगळे इंजिन आहे, आणि कोणत्याही बड्या कंपनीच्या मालकीचे नसलेले, खऱ्या अर्थाने वापरात असलेले इंजिन उरले ते फायरफॉक्सचे. ते चालवणाऱ्या मोझिलाचे उत्पन्नही मुख्यतः गूगलकडूनच येते. गूगलने शोधसेवेत बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल अमेरिकी न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, त्यानंतर गूगलचे पैसे थांबले तर आपण टिकणार नाही, अशी भीती मोझिलाला व्यक्त करावी लागली. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ते पैसे थांबले नाहीत आणि क्रोमही गूगलकडेच राहिले. म्हणजे कोणते जुने स्वरूप उघडेल आणि कोणते नाही, हे ठरवण्याची ताकद एका कंपनीच्या हाती एकवटत चालली आहे. ‘हे संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालेल’ अशी पाटी आपल्या सरकारी कार्यालयांच्या आणि बँकांच्या संकेतस्थळांवर अनेक वर्षे होती. त्या पाटीने आपले काय केले ते वर आलेच आहे. आता तीच चूक दुसऱ्या नावाने करायची का?

ओपन सोर्सबद्दल आपल्याकडे अजून ‘फुकटातली सोय, कामाची नाही’ असे बोलले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याची रचना सर्वांपुढे उघडी आहे तेच पन्नास वर्षांनी पुन्हा उभे करता येते. कंपनी बुडाली तरी कुणीतरी तो प्रोग्राम वाचून दुरुस्त करू शकतो. २०२० च्या अखेरीस फ्लॅश हे तंत्रज्ञान बंद झाले. त्यातले खेळ आणि ॲनिमेशन आज जिवंत दिसतात ते ‘रफल’ या मुक्त प्रकल्पामुळे. संकेतस्थळे साठवण्याचे ‘वॉर्क’ हे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ती गोळा करणारा ‘हेरिट्रिक्स’ हा प्रोग्राम कुणालाही वापरायला खुला आहे. अवजारे तयार आहेत. केरळमध्ये स्वयंसेवकांनी मल्याळमसाठी फॉन्ट आणि साधने उभारली आणि सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या गेल्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे देखणे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याने दिले. कसब आपल्याकडे आहे. नाही ती धोरणाची इच्छा.

कायद्यातच मोठे भगदाड आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ग्रंथालयांना द्यावी लागते. १९५६ मध्ये वर्तमानपत्रेही त्यात आली. न दिल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, यावरूनच त्याकडे किती गांभीर्याने पाहिले जाते ते कळते. संकेतस्थळाचा तर त्यात विचारच नाही. ब्रिटनने २००३ मध्ये तसा कायदा केला आणि २०१३ पासून तिथली ग्रंथालये देशाची संकेतस्थळे हक्काने साठवतात. डेन्मार्क आणि फ्रान्स यांनी २०१३ च्या आधीच हे केले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली, ती पुस्तके कुठेतरी जमा होत होती म्हणून. केवळ आंतरजालावर निघालेले दिवाळी अंक, अनुदिन्या (ब्लॉग), ग्रामपंचायतींची पाने, बंद पडलेली वृत्तस्थळे यांची सूची करू पाहणाऱ्या उद्याच्या दात्यांना आपण काय देणार आहोत?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने येणारा पैसा समारंभांवर आणि स्मारकांवर खर्ची पडण्याआधी आमची मागणी अशी आहे : केंद्राने १९५४ च्या कायद्यात संकेतस्थळांचा समावेश करावा, राज्याने त्याची वाट न पाहता मराठी महाजालाचा सार्वजनिक संग्रह मुक्त स्वरूपात उभारावा, त्याच्या प्रती किमान दोन विद्यापीठांत ठेवाव्यात, आणि सरकारी कामात केवळ एका ब्राउझरवर चालणारी संकेतस्थळे स्वीकारू नयेत. फॉन्ट कंपन्यांनी आपल्या जुन्या फॉन्टांची अक्षरतालिका खुली करावी. त्या तालिकेवाचून मजकूर सोडवता येत नाही.

वृत्तपत्रांचीही यातून सुटका नाही, आणि त्यांत आम्हीही आलो. ज्या सीडींवर आणि हार्ड डिस्कवर आपण त्या वर्षांची पाने ठेवली त्या आता खराब होऊ लागल्या आहेत. ते फॉन्ट ज्यांच्या हाताला पाठ होते, ते अक्षरजुळणी करणारे आज साठीच्या आसपास आहेत आणि एकेक करून निवृत्त होत आहेत. कपाटातल्या त्या तबकड्या आणि ही माणसे या वर्षी एकत्र बसवली तर बरेच काही वाचेल. पाच वर्षांनी बसवायचे ठरवले, तर बसायला त्यांच्यातले किती असतील?