सर्वेक्षणाचे कागद कोणी जपावेत?

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके समाजशास्त्रांच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीत. वेठबिगारीचे भीषण स्वरूप नोंदविणारा सिमिंग्टन यांचा अहवाल 1939 मध्ये प्रसिद्ध झाला. के. जे. सावे यांचे वारल्यांवरील पुस्तक 1945 मध्ये निघाले. त्याच वर्षी झरी येथून वारल्यांच्या लढ्याला तोंड फुटले. त्यानंतर कर्ज, कुपोषण, स्थलांतर व वनजमीन या विषयांवर येथे पाहण्या होतच राहिल्या. अहवाल छापले जातात. परंतु ते ज्यांवर उभे असतात त्या भरलेल्या प्रश्नावल्या, टिपणे व तक्ते यांचे पुढे काय होते? बहुधा ते संशोधकाच्या कपाटात कुजतात किंवा जुन्या संगणकाबरोबर भंगारात जातात.

ही हानी केवळ विद्वानांची नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार आदिवासी दावेदाराला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. 2008 च्या नियमांतील तेराव्या नियमाने जनगणना, गॅझेटियर व सर्व्हे-सेटलमेंटचे अहवाल यांच्या जोडीला नामांकित संस्थांचे संशोधन आणि रूढी-परंपरांच्या नोंदी यांनाही पुराव्यात स्थान दिले आहे. जुनी प्रश्नावली म्हणजे आपोआप पुरावा नव्हे, हे खरे. पण जी नष्टच झाली, ती तपासणार तरी कशी?

हे जतनाचे काम ग्रंथालयाचे आहे. मात्र केवळ गठ्ठे बांधून ते पुरे होत नाही. कागदांचा अर्थही जपावा लागतो. तलासरीचेच उदाहरण घ्या. 1960 मध्ये उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला व तलासरीचा परिसर महाराष्ट्रात राहिला. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. एकाच गावाची माहिती त्यामुळे तीन निरनिराळ्या नावांखाली शोधावी लागते. 'जमीन' या रकान्यात सातबाऱ्यावरची जमीन धरली की जंगलातील प्लॉटही धरला? भात पायलीने मोजले की किलोने? याची खुलासेवार नोंद नसेल, तर दहा वर्षांनी ते आकडे मुके होतात.

गोपनीयतेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. घरचे कर्ज, आजार वा स्थलांतर विश्वासाने सांगणाऱ्या कुटुंबाचे नाव चारचौघांत जाता कामा नये. म्हणून नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी. अभ्यासकांना नावे वगळलेले तक्ते द्यावेत आणि स्वतःची नोंद मागणाऱ्या कुटुंबाला ती जरूर मिळावी.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात अशी माहितीपेढी 1967 पासून चालते. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेनेही माहितीसंग्रहाची सोय केली आहे. परंतु झरीच्या शेतकऱ्याला दिल्ली दूरची आहे. तालुक्यातील महाविद्यालयाचे ग्रंथालय त्याच्या आवाक्यातले आहे.

त्या ग्रंथालयाजवळ माणसे नाहीत, पैसा नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आरंभाला लागते ती एक नोंदवही: पाहणी कोणी, केव्हा, कोणत्या गावांत केली, प्रश्न कोणते होते, कागद कोठे आहेत. प्रकल्पाला गुण देण्यापूर्वी प्राध्यापकांनी ही नोंद मागावी आणि प्रश्नावलीची प्रत व तक्ते ग्रंथालयात जमा करून घ्यावेत. विद्यापीठांनी व अनुदान देणाऱ्या संस्थांनी ही अट घालून ग्रंथपालाच्या प्रशिक्षणाचा व साठवणुकीचा खर्च अनुदानातच धरावा.

वारली, कातकरी व कोकणा कुटुंबांनी आपला वेळ आणि आपले दुःख अभ्यासकांना विनामूल्य दिले आहे. त्यांच्याकडून घेतलेली माहिती त्यांच्याच तालुक्यात सुरक्षित असावी आणि त्यांना मागता यावी, एवढी परतफेड तरी विद्येच्या क्षेत्राने केली पाहिजे.