तुऱ्याचा निवडुंग: छंद करा, पण वावर गहाण टाकून नको



तुरेवाल्या निवडुंगाची, म्हणजे त्या क्रेस्टेड कॅक्टसची, शेडनेटमध्ये शेती करावी का, असं या महिन्यात तिघांनी विचारलं. फोटोत दिसते झकास. माझं मत सरळ आहे. चार कुंड्या जरूर लावा, कर्ज काढू नका.

आधी हा तुरा काय ते पाहू. झाडाचा शेंडा एका टोकातून वाढते. कधी ते टोक फाकून त्याची रेघ होते, मग खोड पंख्यासारखं चपटं, वळ्या पडत वाढते. अंगणातलं कोंबड्याचं फूल घ्या, तोच प्रकार. भोपळ्याच्या वेलाची पट्ट्यासारखी चपटी फांदीही तीच. कारण एकच नसते: शेंड्याची जखम, जिवाणू, कधी पेशीतलाच बदल. पण कोंबड्याचा तुरा बियातून उतरते, निवडुंगाचा सहसा उतरत नाही. तो तुकडा कापून किंवा कलम करूनच वाढवावा लागते. म्हणून 'दुर्मिळ तुऱ्याचं बी' विकणारा दिसला की पाकीट खिशातच ठेवा.

अन् वाकडं दिसलेलं प्रत्येक झाड तुरेवालं नसते. टू-फोर-डी उडून आलं की कपाशीची पानं भेंडीसारखी होतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तो औषधाचा मार आहे, तुरा नाही.

बाजारातला लाल-पिवळा गोळा पाहिला असेल. त्यात हिरवेपणाच नाही, म्हणून तो स्वतःचं अन्न करू शकत नाही. खालची तिधारी काडी त्याला पोसते, अन् ती काडी बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटच्या जातीची असते. दुसरा पोवळ्यासारखा नागमोडी प्रकार तर कॅक्टसच नाही, तो थोराच्या कुळातला. त्याचं कलम आपल्या धुऱ्यावरच्या थोरावर बसते. कॅक्टसचं मात्र थोरावर धरत नाही, उगाच काड्या वाया घालू नका. थोर कापताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार वाईट असते ते.

आपली काळी माती याला चालत नाही. पाणी धरून ठेवते अन् बूड सडते. मुरूम, वाळू, विटेचा चुरा अन् थोडं कुजलेलं खत, एवढं पुरे. जुलै-ऑगस्टच्या झडीत कुंडी छपराखाली पाहिजे. वळ्यांच्या आत पिठ्या ढेकूण लपून बसतो, वरून फवारलं तर तिथपर्यंत पोचत नाही, बारीक ब्रशनं काढावा लागते. मधूनच साधी सरळ फूट निघाली तर लगेच बुडातून कापा. ती जोमात वाढते अन् तुऱ्याला मागं टाकते.

आता पैशाचं. हा माल हळू वाढते अन् गिऱ्हाईक शहरातलं, हौशी. एकानं एक कुंडी घेतली की तो दर महिन्याला परत येत नाही. 'रोपं आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू' म्हणणारे आले तर इमू अन् सफेद मुसळी आठवा. तेव्हाही असंच बोलत होते.

आणखी एक गोष्ट मला खटकते. तुरेवाला थोर दिसला की काही लोकं अख्खं झाड उपटून नेतात. एक काप घ्या ना! जखम सुकू द्या, मग मुरमात लावा, आई जागेवर राहू द्या. टिपेश्वरसारख्या अभयारण्यातून तर काडीही आणू नका, तो गुन्हा आहे. परदेशातून मागवायचा विचार असेल तर कॅक्टस अन् थोरासारख्या झाडांना सीमा ओलांडताना साईटिस कराराचे कागद लागतात, हेही माहीत असू द्या.

उपटणाऱ्यांपेक्षा जेसीबीनं जास्त थोर गेले. धुरे साफ करायच्या नादात जुनं कुंपण मुळासकट निघते, त्यात एखादा तुरा असला तरी कोण पाहते? यंदा कोणाचा धुरा काढायचा असेल तर आधी एक चक्कर मारा. चपटी फांदी दिसली तर फोटो टाका, कुठून कापायची ते सांगतो.