स्पोर्ट मोड : बटन गाडीचें, विवेक चालकाचा

मनुष्याच्या हातीं नवें साधन आलें म्हणजे साधनाचा गुण कोणता आणि आपला स्वतःचा गुण कोणता, हें तो फार लवकर विसरतो. उत्तम तंबोरा विकत घेतल्यानें गळा सुरेल होत नाहीं, हें घरांतील मुलालाही समजतें. परंतु तीनचारशें अश्वशक्तीची मोटार दाराशीं उभी राहिली म्हणजे हीच साधी गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानांत राहत नाहीं.

आजच्या वेगवान मोटारींत स्टिअरिंगवर किंवा गिअरच्या दांड्याजवळ ‘स्पोर्ट’ या नांवाचें एक बटन असतें. तें दाबतांच एंजिनाचा आवाज चढतो, गाडी आतुर होते, आणि आपण एकाएकीं निष्णात झालों असा चालकास भास होतो. आमच्या एका वाचकांनीं याच बटनासंबंधीं विचारणा केली आहे. त्यांचा पुतण्या जर्मनींत स्टुटगार्ट येथें नोकरीस असून सुटींत न्यूर्बुर्गरिंगच्या प्रसिद्ध शर्यतमार्गावर गाडी नेण्याचा त्याचा मानस आहे. ‘स्पोर्ट मोड लावला म्हणजे गाडी रस्ता अधिक घट्ट धरते, काळजी नसावी,’ असें त्यानें काकांस कळविलें आहे. यांत तथ्य किती, असें काका विचारतात. असे पुतणे आज पुष्कळ घरीं आहेत. म्हणून उत्तर सर्वांसाठींच देतों.

प्रथम तें बटन करतें काय, हें पाहूं. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून एंजिनापर्यंत एक तार जात असे. पाय जितका दाबावा तितकी हवेची झडप उघडे. आतां पेडल केवळ निरोप पाठवितें, आणि झडप किती उघडावयाची हें संगणक ठरवितो. स्पोर्टमध्यें संगणक हा हिशेब बदलतो, आणि पाय थोडा दाबला तरी झडप बरीच उघडते. पाय पूर्ण दाबला असतां मात्र बहुतेक गाड्यांत शक्ति पूर्वीइतकीच मिळते. याला अपवाद आहेत. बीएमडब्ल्यू कंपनीची २००५ सालीं विक्रीस आलेली एम-५ ही गाडी सुरू केली म्हणजे ४०० अश्वशक्तीवरच चाले. पुरी ५०७ अश्वशक्ति हवी असल्यास चालकास वेगळें बटन दाबावें लागे. परंतु सामान्यतः स्पोर्टनें बळ वाढत नाहीं, केवळ उतावीळपणा वाढतो.

याखेरीज स्वयंचलित गिअर खालच्या पायरीवर अधिक वेळ राहतो, स्टिअरिंग हातास जड लागतें, आणि जेथें तशी सोय असते तेथें शॉक ॲब्सॉर्बर कठीण होतात. आणखी एक गोष्ट पुतण्यानें अवश्य लक्षांत घ्यावी. गाडी घसरूं लागली असतां एकेका चाकास आपण होऊन ब्रेक लावून तिला सांवरणारी यंत्रणा बॉश कंपनीनें तयार केली व ती १९९५ सालीं मर्सिडीझच्या गाडींत प्रथम आली. पुष्कळ वेगवान गाड्यांत स्पोर्टच्या वरच्या पायऱ्यांवर हीच रखवालदार यंत्रणा थोडी ढिली केलेली असते; गाडी बरीच घसरल्यावर मग ती हात घालते. म्हणजे बटन दाबल्यानें संरक्षण वाढत नाहीं, उलट कांहीं गाड्यांत तें घटतें.

आतां जें बदलत नाहीं तें पाहूं. गाडीला जमिनीशीं जोडणाऱ्या वस्तु चारच, त्या म्हणजे टायर. आणि प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारें तळहाताएवढ्या जागेंत. त्या चार तळहातांची पकड बटनानें तिळभरही वाढत नाहीं. ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर पुढें जाते. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तितकें अंतर गेलेंच म्हणून समजावें. वेग १०० वरून १४० वर नेला, तर ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर जवळजवळ दुप्पट होतें, कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. हा निसर्गाचा नियम असून स्पोर्ट मोडला तेथें अपील नाहीं.

मग हें बटन निरुपयोगी काय? मुळींच नाहीं, तें आपल्या जागीं उत्तम आहे. शर्यतमार्गावर वाहतूक एकाच दिशेनें असते, वळणें पुनः पुनः तींच येतात, आणि जमीन बहुधा गुळगुळीत असते. तेथें वळणांतून बाहेर पडतांना एंजिन तत्काळ उत्तर देतें आणि गाडी कलत कमी असल्यामुळें चालकास तिचा अंदाज नीट येतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावर मात्र कठीण झालेले शॉक ॲब्सॉर्बर चाकास उंचसखल जमिनीमागोमाग जाऊं देत नाहींत. चाक उडूं लागतें, आणि उडालेल्या चाकास पकड कोठली? म्हणूनच फेरारीसारख्या कंपनीनेंही आपल्या अनेक गाड्यांत बाकी सर्व शर्यतीच्या थाटांत ठेवून केवळ शॉक ॲब्सॉर्बर मऊ करणारें खास बटन दिलें आहे. ओल्या रस्त्यावर तर उतावळें ॲक्सिलरेटर हा शत्रूच होय. रस्त्यावर स्पोर्टचा रास्त उपयोग एवढाच, कीं समोर स्वच्छ दिसत असतां संथ ट्रक चटकन् मागें टाकावा आणि पुनः साध्या रीतीवर यावें. पोर्शे कंपनीच्या कांहीं गाड्यांत याच हेतूनें अवघे वीस सेकंद पूर्ण तत्परता देणारें बटन असतें.

न्यूर्बुर्गरिंगची गोष्ट याहून निराळी आहे. आयफेलच्या डोंगराळ प्रदेशांत १९२७ सालीं खुला झालेला, सुमारें २०.८ किलोमीटर लांबीचा हा उत्तरेकडील मार्ग नांवानें शर्यतमार्ग असला, तरी स्वभावानें घाटरस्ताच आहे. चढउतार, उंचवटे आणि आंधळीं वळणें तेथें आहेत. कडेचा लोखंडी कठडा बहुतेक ठिकाणीं अगदीं जवळ असून एका टोकास ऊन तर दुसऱ्या टोकास पाऊस, असाही प्रकार घडतो. १९७६ सालच्या १ ऑगस्टला निकी लाउडा हा जगज्जेता चालक येथेंच जळत्या गाडींत सांपडून मरतां मरतां वांचला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत त्या जुन्या मार्गावर झाली नाहीं. सर्वसामान्यांस तो ज्या दिवशीं खुला असतो, त्या दिवशीं कायद्यानें तो पथकर घेणारा एकमार्गी रस्ताच समजला जातो. जर्मन वाहतुकीचे नियम तेथें लागू होतात, दुसऱ्यास ओलांडावयाचें तें डाव्या बाजूनेंच, आणि घड्याळ लावून शर्यत करण्यास मनाई आहे. कठड्याची मोडतोड झाल्यास भरपाई चालकाकडून घेतात.

तेव्हां पुतण्यास आमचें सांगणें असें. साधारण भाड्याच्या गाडीचा करार तेथें जाण्यास बहुधा मनाई करतो, म्हणून तेथल्याच खास गाड्या घ्याव्या आणि विम्याचीं कलमें आधीं वाचावीं. पहिल्या फेऱ्या साध्या रीतीवरच माराव्या. पुढें एंजिन तत्पर, शॉक ॲब्सॉर्बर मऊ आणि रखवालदार यंत्रणा पूर्ण जागी, अशी वेगवेगळी जुळणी गाडींत शक्य असल्यास तीच पतकरावी. प्रत्येक फेरीनंतर ब्रेक निवूं द्यावे व टायरांतील हवा तपासावी.

इकडील तरुणांनींही ध्यानांत ठेवावें, कीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८९ वें कलम सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवांचून शर्यत करण्यास शिक्षा सांगतें, आणि आपल्याकडील विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसींत शर्यत व वेगाची चाचणी वगळलेली असते. हौस असेल त्यानें चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईस किंवा कोइमतूरच्या कारी मार्गावर जावें. आपला घाट त्यासाठीं नाहीं.

काकांनीं मात्र एकदम नकार कळवूं नये. नकारानें मुलें लपवावयास शिकतात. त्यांनीं तीनच प्रश्न लिहून धाडावे : टायर केव्हां बदलले, विमा कोणत्या कलमानें लागू आहे, आणि रखवालदार यंत्रणा चालू ठेवणार काय? तिन्हींचीं उत्तरें सरळ आलीं, तर खुशाल आशीर्वाद द्यावा.