यंत्राच्या पोटात : मूळ प्रत कुणाकडे?



गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला होता. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे कागद उशिरा हाती आले. तोवर मुदत संपली. पण मग मुदत आठ दिवस वाढवल्याचा निरोप आला. मी धावतच शाळेतला कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर ठळक अक्षरांत, 'मुदत संपली आहे'! शेजारच्या गावच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो सर, मी आत्ताच दोन अर्ज भरले की!"

पान पुन्हा उघडलं, तर अर्ज आला. नाव टाकलं, पुढचं बटण दाबलं, की परत 'मुदत संपली आहे'. आता बोला!

माझा मामेभाऊ पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "दादा, ती साइट कशावर चालते ते मला ठाऊक नाही. पण लक्षण ओळखीचं आहे. एका पत्त्यामागे चार-पाच कॉम्प्युटर बसलेले असतील, आणि त्यातल्या एखाद्याला नवी तारीख कळलीच नसेल."

तुम्हाला वाटत असेल, एक साइट म्हणजे एक कॉम्प्युटर. मलाही तसंच वाटायचं. पण लाखो लोक जिथं येतात त्या पोर्टलचं काम बरेच सर्व्हर वाटून घेतात. तुमचं पहिलं पान एकानं दिलं, तर दुसरं पान दुसरा देऊ शकतो. आता या सगळ्यांनी एकसारखं वागायचं, तर प्रत्येकाला काही गोष्टी ठाऊक हव्यात. माहितीचा साठा कुठं आहे, कुणाला आत सोडायचं, कोणत्या दारावर थांबायचं. या सूचनांना म्हणतात कॉन्फिगरेशन. आपल्या शाळेच्या वेळापत्रकासारखंच समजा ना! मूळ वेळापत्रक मोठ्या सरांच्या कपाटात आणि वर्गावर्गात त्याच्या नकला.

आयबीएम कंपनीचं वेबस्फिअर नावाचं सॉफ्टवेअर आहे. मोठी पोर्टलं चालवायला ते वापरतात. त्यात अगदी हीच तऱ्हा आहे. सगळ्या सर्व्हरांच्या कुटुंबाला म्हणतात सेल. सेलमध्ये नोड, आणि नोडमध्ये सर्व्हर. म्हणजे शाळा, शाळेत वर्ग, वर्गात मुलं. सूचना लिहिलेल्या असतात एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फायलींत, आणि फोल्डरही तसेच एकात एक. वरच्या फोल्डरमधली सूचना सगळ्यांना लागू. पण माहितीच्या साठ्याचा पत्ता त्याच नावानं खालच्या फोल्डरमध्ये वेगळा दिला असेल, तर त्या सर्व्हरपुरता खालचा पत्ता खरा. शाळा पाचला सुटते, पण पहिलीला चारलाच सोडतात, तसं.

मूळ प्रत असते डिप्लॉयमेंट मॅनेजरकडे. हे आपले मोठे सर! प्रत्येक नोडवर एक मॉनिटर असतो, नोड एजंट. मुद्दाम बदललं नाही, तर तो दर मिनिटाला मोठ्या सरांकडे डोकावतो. काही बदललंय का? बदललं असेल, तर आपल्या नोडला लागणाऱ्या तेवढ्याच फायली घेऊन येतो.

आता गंमत ऐका. एखाद्यानं मूळ प्रतीला हात न लावता नोडवरच्या नकलेतच खाडाखोड केली, तर? थोडा वेळ सगळं त्याच्या मनासारखं. पण पुढं ती फाईल मुळाशी जुळवायची वेळ आली, की खाडाखोड गायब! नवशिके इथं हमखास फसतात, असं मामेभाऊ सांगतो. (तोही फसलाय. पण ते त्याच्या आईकडून कळलं.)

मोठे सर रजेवर गेले, म्हणजे तो मॅनेजर बंद पडला, तर शाळा बंद पडते का? नाही. ज्याची-त्याची नक्कल जवळ असतेच, वर्ग चालू राहतात. फक्त वेळापत्रक बदलता येत नाही. मला ही युक्ती फार आवडली.

वेबस्फिअरच्या पोर्टलमध्ये सगळंच फायलींत मात्र नसतं. कोणती पानं आहेत, कोणतं पान कुणी पाहायचं, हे डेटाबेसमध्ये असतं. एकीकडची नक्कल जपून ठेवली आणि दुसरीकडची विसरली, तर अर्धीच शाळा उभी राहणार.

मूळ प्रत एकच असली, की चूकही सगळीकडे एकदमच पोचते. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर या कंपनीत असंच झालं. जगातल्या असंख्य साइटी तिच्या यंत्रांमागे उभ्या असतात. खोटे पाहुणे, म्हणजे माणसं नसलेले प्रोग्रॅम, ओळखायला तिथं एक फाईल दर पाच मिनिटांनी नव्यानं बनते आणि सगळ्या यंत्रांना जाते. डेटाबेसमधल्या परवानग्यांच्या एका बदलामुळं त्या फायलीत त्याच ओळी दोनदा आल्या. ती फुगून दुप्पट झाली, आणि तेवढी मोठी फाईल वाचायची सोयच प्रोग्रॅममध्ये नव्हती! आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते, तेव्हा जगभरच्या साइटी पटापट आडव्या झाल्या. सुरुवातीला त्या मधूनच उठायच्या, परत पडायच्या, कारण डेटाबेसच्या सगळ्या भागांत तो बदल अजून पोचला नव्हता. म्हणजे कधी फाईल चांगली बनायची, कधी वाईट. इंजिनिअरांना आधी वाटलं, कुणीतरी हल्लाच केलाय! शेवटी जुनी, चांगली फाईल परत बसवली, तेव्हा रात्री आठच्या सुमारास बराचसा गाडा रुळावर आला. जुनी प्रत जपून ठेवली होती, म्हणून निभावलं.

हां, तो अर्ज राहिलाच. मी रात्री नऊपर्यंत शाळेत बसलो. सातव्या खेपेला सगळी पानं नीट उघडली, आणि अर्ज क्रमांक आला. तो मी फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या मुलीनं तो आपल्या वहीत तीनदा उतरवून घेतला आणि एक कागद आईकडे धाडला.