खतावणी आधी, दुरुस्ती मागाहून



सकाळी पेढी उघडावी, संगणक सुरू करावा आणि विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची सूचना यावी, हा अनुभव ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील अनेक व्यापाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी बटण पुनःपुन्हा दाबण्याचा मोह होतो; तो आवरावा.

हार्ड डिस्कमधील तबकडी मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिला न टेकता केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. झिजलेल्या डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला, तर संगणक तत्काळ बंद करावा. अशी डिस्क कोणालाही टेबलावर उघडू देऊ नये. ते काम धूळविरहित कक्षातच होते.

आवाज नसेल, तर साधी कारणे प्रथम तपासावीत. लावलेला पेन ड्राइव्ह काढावा. संगणकाची तारीख मागे गेली असल्यास मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल बदलावा. तो संपला की बायोसमधील मांडणी पुसली जाते. वीज बंद करून डिस्कच्या दोन्ही केबल घट्ट बसवाव्यात. बायोसमध्ये डिस्कचे नाव दिसते, तरीही विंडोज उघडत नाही, असे असेल तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून टॅलीचे डेटा फोल्डर आधी उतरवून घ्यावे. चेकडिस्क वा फॉरमॅट त्यानंतर. कारण दुरुस्तीच्या आज्ञेने दुबळ्या डिस्कवर सर्वाधिक ताण येतो.

डिस्क बाजारात पुन्हा मिळते, हिशेब मिळत नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार, वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ते जपणे बंधनकारक आहे.

दुसरी प्रत ठेवण्याची जागाही विचारपूर्वक ठरवावी. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरले होते. संगणकाशेजारच्या खणातील प्रत अशा पाण्यात संगणकाबरोबरच जाते. म्हणून एक प्रत पेढीवर, तर दुसरी घरी वरच्या मजल्यावर असावी.

आपले वडीलधारे रोजमेळ जुळल्याखेरीज वही मिटत नसत. त्याच शिस्तीने रोज रात्री प्रत घ्यावी आणि महिन्यातून एकदा तीतून एखादे जुने बिल उघडून पाहावे. वेळेला न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.