बिनशिवणीचा अंगरखा

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता चर्च तुडुंब भरलेलं असतं. पंखे गरगरत असतात, तरी घाम थांबत नाही, आणि योहानाच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तान्त उभ्यानं ऐकायचा असतो. लहानपणापासून तो ऐकत आलो, पण गेली काही वर्षं माझं मन एकाच जागी अडतं. शिपाई येशूच्या कपड्यांचे चार वाटे करतात. मग अंगरख्याची पाळी येते. तो वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला असतो, त्याला शिवण कुठेच नसते. फाडला तर कुणाच्याच कामाचा उरणार नाही, म्हणून ते चिठ्ठ्या टाकतात. ज्यांनी माणसाला खिळे ठोकले, त्यांनाही तो अंगरखा फाडवला नाही.

आपण मात्र फाडतो आहोत. माणसाचं जीवन गर्भधारणेपासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण अशीच एकसंध विणलेली आहे, आणि आपण तिचे वाटे करून घेतले आहेत. गर्भातल्या बाळासाठी कळवळणारे तुरुंगातल्या कैद्याचं नाव काढलं की तोंड फिरवतात. गरिबांसाठी, स्थलांतरितांसाठी रस्त्यावर उतरणारे गर्भपाताचा विषय निघाला की गप्प होतात. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचा वाटा कुणीच उचलत नाही. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ साली याच बिनशिवणीच्या वस्त्राची प्रतिमा वापरून जीवनाबद्दलची शिकवण तोडू नका असं कळकळीनं सांगितलं होतं. मी आज तेच आपल्या वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या, मराठी बोलणाऱ्या प्रत्येक कॅथलिक घराला सांगायला बसलो आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६५ मध्ये ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ हा दस्तऐवज मंजूर केला. त्यातला सत्ताविसावा परिच्छेद एकदा उघडून बघा. खून, वंशसंहार, गर्भपात, इच्छामरण यांच्या मांडीला मांडी लावून तिथं माणसाला न शोभणारी राहणी, मनमानी कैद, हद्दपारी, गुलामगिरी, वेश्याव्यवसाय आणि कामगाराला निव्वळ नफ्याचं हत्यार समजणारी कामाची पद्धत बसलेली आहे. सगळं एका दमात सांगितलेलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘जीवनाचं शुभवर्तमान’ हे परिपत्र दिलं, त्यात हा परिच्छेद पुन्हा उद्धृत केला. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद बदलून फाशीची शिक्षा कोणत्याही परिस्थितीत अमान्य ठरवली. साठ-सत्तर वर्षांत हा धागा कुठे तुटलेला नाही. तुटला तो आपल्या मनात.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. आत्याच्या खोलीत कळलं.

आत्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती एकोणऐंशी वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढची पावणेतीन वर्षं ती वाडीतल्या मागच्या खोलीत पलंगावर होती. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून माझी बायको परसातल्या केळीचं कोवळं पान पुसून तिच्या पाठीखाली घालायची, गुळगुळीत बाजू वर ठेवून. पेज भरवताना चमचा डाव्या गालाकडून द्यायचा, मग तिच्या गळ्याकडे बघत थांबायचं. कंठ हलला की पुढचा चमचा. एक वाटी पेजेला पाऊण तास. डाव्या हाताच्या बोटांत रोजरी दिली की मणी सरकायचे. तिच्या आत काय चाललंय याचा आम्हाला मिळणारा तेवढाच निरोप.

भेटायला येणारी माणसं दारातून बाहेर पडताना हलक्या आवाजात म्हणायची, “देवानं सोडवलं तर बरं.” आपल्या भाषेत हा शब्द किती सहज येतो बघा. म्हातारं माणूस गेलं की आपण म्हणतो, “सुटली बिचारी.” एका रात्री, तीनच्या सुमाराला, ओली चादर बदलून झाल्यावर माझ्याही मनात तो आला, आणि मला लख्ख कळलं की मला ‘सुटली’ म्हणायचं नव्हतं, ‘सुटलो’ म्हणायचं होतं. त्या एका मात्रेच्या फरकात सगळा धोका आहे. दमलेल्या माणसाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. दमणूक खरी असते. पण दमलेल्या घराला शेजार मिळाला नाही, तर दया म्हणून दुसरंच काहीतरी घरात शिरतं.

शेवटी न्यूमोनिया झाला. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथं लगेच व्हेंटिलेटरची भाषा सुरू झाली. नाही म्हटलं तर पाप लागेल का, या भीतीनं आम्ही गोठलो. आमच्या फादरांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहून समजावलं, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून इथं लिहितो. मरण लांबवण्यासाठी वाट्टेल ते उपाय करायलाच हवेत, असं ख्रिस्तसभा सांगत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांसमोर सांगितलं होतं की असाधारण उपाय करणं बंधनकारक नाही. वेदना शमवणारं औषध, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, वेदना शमवण्याच्याच हेतूनं देता येतं. जे करता येत नाही ते एकच: माणसाला मारणं, किंवा तो मरावा म्हणून त्याची साधी काळजी, अन्नपाणी, स्वच्छता काढून घेणं. पोप जॉन पॉल दुसरे स्वतः २००५ च्या मार्चमध्ये रोमच्या जेमेली इस्पितळातून परतले ते पुन्हा तिथं गेले नाहीत. २ एप्रिलला आपल्याच खोलीत, माणसांच्या गराड्यात त्यांनी देह ठेवला. आम्ही आत्याला घरी आणलं. रुग्णाभ्यंग झाला. पाचव्या दिवशी पहाटे, पाठीखाली ताजं पान असताना, ती गेली.

आमची काळजी पावणेतीन वर्षांची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी ती जवळजवळ बेचाळीस वर्षं केली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्या सहकारी अरुणा शानबाग यांच्यावर तिथंच अमानुष हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या तोवर एकामागून एक परिचारिकांच्या पिढ्या त्यांचा वॉर्ड सांभाळत आल्या. त्यांना दयामरण द्यावं अशी याचिका झाली, तेव्हा परिचारिका ठाम उभ्या राहिल्या: त्या आमच्या आहेत, आम्ही बघू. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती मागणी नाकारली आणि त्यांचं जवळचं माणूस म्हणजे केईएमचे कर्मचारीच, असं मानलं. त्या दिवशी रुग्णालयात मिठाई वाटली गेली. यातल्या कितीतरी जणी कॅथलिक नसतील, परिपत्रं त्यांनी वाचली नसतील. ख्रिस्तसभा जे शिकवते ते त्यांच्या हातांना येत होतं.

मिठाई आणखी एकदा वाटली गेली. २० मार्च २०२० च्या पहाटे तिहार तुरुंगात निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी झाली, तेव्हा बाहेर. त्यांचा गुन्हा भयंकर होता आणि त्या मुलीच्या आईबापांच्या दुःखापुढे माझे शब्द तोकडे आहेत. पण त्या सकाळी आमच्या कॅथलिक मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्यांच्या खुणा ओळीनं येत होत्या, आणि तो प्रायश्चित्तकाळातला, क्रूसाच्या वाटेचा शुक्रवार होता. ज्याला आपण देव मानतो तो सरकारी शिक्षेनं मारला गेला. निदान आपण तरी फासाच्या दोरीला टाळ्या वाजवू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.

गर्भातल्या जीवाबद्दल बोलताना मला आधी आपल्याच उंबऱ्याकडे बघावं लागतं. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. त्या मोजणीत आपलीही घरं होती. आणि लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी? गर्भपाताविरुद्ध आपण प्रार्थना करतो, आणि तीच मुलगी रविवारी मिस्साला आली की बाकावरच्या नजरा तिला सोलून काढतात. तिला दवाखान्याकडे कोण ढकलतं, हे कबूल करायला हवं. जॉन पॉल दुसरे यांच्या त्याच परिपत्रात गर्भपात केलेल्या स्त्रियांशी थेट बोललेला एक परिच्छेद आहे आणि त्यात दगड नाहीत, हात धरणं आहे. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये हे पाप क्षमा करण्याचा अधिकार कायमचा प्रत्येक धर्मगुरूला दिला. दार उघडं आहे. आपण त्या दारात गर्दी करून उभे राहू नये.

कुणी म्हणेल, ही चर्चची आतली गोष्ट, जगाला काय त्याचं? १९४१ साली जर्मनीत नाझी सरकार मतिमंद, मनोरुग्ण, अपंग माणसांना ‘निरुपयोगी’ ठरवून गॅसच्या खोल्यांत मारत होतं. सत्तर हजारांवर माणसं गेली होती. ३ ऑगस्टला म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन संत लाम्बेर्ट चर्चच्या व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी हे उघड सांगितलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: उत्पादन करत नाही म्हणून एकाला मारता येत असेल, तर उद्या म्हातारे होणाऱ्या आपल्या सगळ्यांचं काय, जखमी होऊन परतणाऱ्या सैनिकांचं काय? त्या प्रवचनाच्या प्रती लोकांनी चोरून काढल्या, हातोहात पोचवल्या. ते वाटणाऱ्यांपैकी ल्यूबेकचे तीन कॅथलिक धर्मगुरू आणि एक ल्युथरन पाळक यांचा १९४३ च्या नोव्हेंबरात शिरच्छेद झाला. प्रवचनानंतर तीन आठवड्यांत हिटलरनं त्या मोहिमेला अधिकृत थांबा दिला. चोरून मारणं पुढेही चाललं, हेही खरं. पण एका माणसानं व्यासपीठावरून तोंड उघडलं म्हणून काही जण जगले. ‘निरुपयोगी’ हा शब्द आपल्या घरात किती रोज वापरतो आपण, हा विचार मला हे कळल्यापासून सोडत नाही.

म्हणून माझं मागणं प्रवचनाचं नाही, पाळीचं आहे. वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस, जिथं बरे न होणारे कॅन्सरचे रुग्ण शेवटपर्यंत सांभाळले जातात. पण प्रत्येक वाडीत सदन उभं राहणार नाही. प्रत्येक वाडीत माणसं मात्र आहेत. आपल्या धर्मग्रामात किती जण अंथरुणाला खिळून आहेत, याची यादी फादरांकडे असते, कारण पहिल्या शुक्रवारी त्यांच्याकडे कम्युनियन जातं. त्या यादीपुढे दुसरा रकाना आखा: कोण बसणार, किती ते किती. दिवसा सून बाजारात जाऊन येईल तेवढा तास. एखाद्या मुलीला दिवस गेलेत, ती घाबरलीय, तिच्यासोबत डॉक्टरकडे जाणारी एक वयस्कर बाई. तुरुंगात भेटीला जाणाऱ्या सिस्टरांबरोबर जाणारा एक पुरुष. एवढंच. तरुणांनो, तुम्हाला लागेल तो फॉर्म तयार करा, पण घरोघर स्वतः जा.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर मी वही घेऊन चर्चच्या डाव्या दाराशी उभा असेन. आत्या गेल्यापासून कूस बदलायला, चमचा धरायला माझे हात रिकामे आहेत. रात्री दोन ते सहाची पाळी सहसा कुणी मागत नाही. ती माझ्या नावावर आधीच लिहिली आहे, तुम्ही त्याआधीची घ्या.